बाराशे माणसांचे गाव, दहा लाख पाहुणे

अलास्काच्या आग्नेय भागात समुद्राचा एक लांब, चिंचोळा फाटा डोंगरांमध्ये शिरतो. तो जिथे संपतो तिथे स्कॅग्वे नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या १,२४० भरली. आपल्या कोकणातल्या एखाद्या मध्यम गावाएवढीच ही वस्ती. ब्रॉडवे नावाचा एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या पद्धतीची लाकडी दुकाने, चालायला फळ्यांचा फुटपाथ, खालच्या टोकाला रेल्वे स्टेशन आणि त्यापलीकडे बंदर. गाव पायी फिरायला अर्धा तास पुरतो.

या गावात २०१९ साली सुमारे दहा लाख क्रूझ प्रवासी उतरले. पुढच्या वर्षी, २०२० साली, एकही मोठे जहाज आले नाही.

बाराशे माणसांच्या गावात एका वर्षी दहा लाख पाहुणे आणि दुसऱ्या वर्षी शुकशुकाट, हे वाचायला सोपे आहे. पण त्या एका वर्षात साथ चालू असताना जहाजे पुन्हा सोडावीत की नाहीत, यावर जो वाद पेटला तो स्कॅग्वेच्या धक्क्यापासून वॉशिंग्टनच्या संसदेपर्यंत, कॅनडाच्या मंत्रालयापर्यंत आणि फ्लोरिडाच्या न्यायालयापर्यंत गेला. त्याचा एक धागा आपल्या रायगड, रत्नागिरी आणि गोव्याच्या घरांपर्यंतही येतो. २०२४ साली बकरी ईद मुलाकडे सिअ‍ॅटलला करून आम्ही दोघे जूनच्या अखेरीस त्याच मार्गावरच्या एका जहाजाने सात दिवसांच्या सफरीला गेलो. त्यामुळे तो वाद जिथे घडला ती गावे पाहता आली.

सोने, खनिज आणि जहाजे

स्कॅग्वेचा जन्मच पाहुण्यांमुळे झाला. त्याआधी हा सारा मुलूख त्लिंगिट या आदिवासी लोकांचा. १८९६ साली कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि पुढच्या वर्षी ती बातमी जगभर पसरली. सुमारे एक लाख माणसे नशीब काढायला निघाली. त्यातली हजारो याच खाडीच्या टोकाला उतरली आणि इथून पाठीवर ओझे घेऊन घाट चढू लागली. वर कॅनडाचे पोलीस उभे असत. वर्षभर पुरेल एवढा शिधा सोबत असल्याशिवाय ते कोणाला पुढे सोडत नसत. हा शिधा आणि सामान मिळून माणशी जवळजवळ एक टन भरे. एवढे ओझे थोडे थोडे करून वर न्यायचे म्हणजे तोच घाट कितीतरी वेळा चढायचा.

ओझी वाहायला १८९८ साली रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०० मध्ये ते पूर्ण झाले. तोवर सोन्याचा पूर ओसरला होता. ही व्हाइट पास रेल्वे आजही चालते. फक्त तीन फूट रुंदीच्या रुळांवरून ती गाडी वीस मैलांत ८७३ मीटर उंची गाठते. डब्याच्या खिडकीतून खाली दरी पाहताना नेरळ-माथेरानच्या गाडीची आठवण होते. फरक एवढाच की इथे जूनमध्येही शेजारच्या शिखरांवर बर्फ असते. सोन्यानंतर या रेल्वेने खाणीतले खनिज वाहिले. १९८२ साली खाणी बंद पडल्या आणि रेल्वेही थांबली. १९८८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती पर्यटकांसाठी.

म्हणजे या गावाने आधी सोन्यावर, मग खनिजावर आणि शेवटी जहाजांवर पोट भरले. प्रत्येक वेळी एकाच गोष्टीवर. बंदराशेजारी एक उंच काळा कडा आहे. त्यावर इथे आलेल्या जहाजांची नावे, चिन्हे आणि वर्षे खलाशांनी रंगवून ठेवली आहेत. काही अक्षरे उन्हापावसाने पुसट झाली आहेत, काही ताजी आहेत. गावाची जमाखर्चाची वहीच जणू त्या कड्यावर लिहिलेली आहे.

आम्हाला इथली आणखी एक गोष्ट कायम लक्षात राहील. आपल्याकडे नमाजला पश्चिमेकडे तोंड करायची सवय. स्कॅग्वेहून मात्र किब्ला जवळजवळ थेट उत्तरेला येतो, कारण इथून मक्केचा सर्वांत जवळचा मार्ग पृथ्वीच्या उत्तर टोकावरून जातो. सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि त्या दिवसांत पूर्ण अंधार असा होतच नाही. मगरिब आणि फजर यांच्या मधली रात्र संधिप्रकाशातच सरते. खाण्याचा प्रश्न मात्र सोपा होता. इथला रावसासारखा सामन मासा ताजा मिळतो. तो धुरावर सुकवून हिवाळ्यासाठी ठेवायची त्लिंगिट लोकांची जुनी रीत आहे. ते पाहून घरच्यांना आपल्याकडच्या अंगणातले सुके मासे आठवले.

जहाजे थांबली

आता २०२० कडे वळू. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस हे जहाज अडकले. त्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना करोनाची लागण झाली. बंद खोल्या, एकत्र जेवण, अरुंद वाटा, आणि प्रवाशांत वयस्कर माणसे जास्त. साथीला यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण. १४ मार्चला अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने क्रूझ जहाजांना प्रवास बंदीचा हुकूम काढला. आपल्या कोकणात सीडीसी म्हटले की जहाजीचे ते पुस्तक आठवते, ज्याच्याशिवाय बोटीवर नोकरी मिळत नाही. त्या वर्षी मात्र अनेक घरांतल्या बायामाणसांना ही दुसरी सीडीसीही पाठ झाली.

आठवडाभरात अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा बिगरजरुरी प्रवासाला बंद झाली. स्कॅग्वेला या दोन्ही गोष्टींचा फटका बसला. गावातून बाहेर जाणारा एकमेव रस्ता कॅनडात जातो. बाजारहाटासाठी लोक डोंगरापलीकडच्या व्हाइटहॉर्स शहराला जात, तेही थांबले. उन्हाळ्यात चार-पाच महिने कमवायचे आणि त्यावर वर्ष काढायचे, हा गावाचा हिशेब. तो उन्हाळाच आला नाही. हंगामी कामगार आले नाहीत, दुकानांना टाळी लागली, रेल्वे थांबली. केंद्र सरकारकडून साथीसाठी मिळालेल्या निधीतून गावाच्या नगरपालिकेने २०२० च्या उत्तरार्धात रहिवाशांना दरमहा एक हजार डॉलर दिले, तेव्हा अनेक कुटुंबे टिकली.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. स्कॅग्वेत एक दवाखाना आहे, इस्पितळ नाही. गंभीर रुग्णाला विमानाने किंवा बोटीने जूनोला न्यावे लागते. जूनो ही अलास्काची राजधानी असली तरी तीही बत्तीस हजारांचे शहर आहे, आणि बाहेरून तिथे जायला रस्ता नाही. फक्त समुद्र आणि आकाश. एका दिवसात चार-पाच जहाजांतून दहा-बारा हजार माणसे उतरली आणि त्यांच्याबरोबर आजार उतरला, तर खाटा कुठून आणायच्या? हा प्रश्न विचारणारे लोक व्यापाराचे शत्रू नव्हते. त्यातले कित्येक स्वतःच दुकानदार होते.

व्हिक्टोरियातून आलेली आठवण

अलास्काच्या लोकांची ही भीती हवेतली नव्हती. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ आली तेव्हा अलास्काचे गव्हर्नर थॉमस रिग्ज यांनी प्रवासावर निर्बंध घातले होते. तरीही त्या ऑक्टोबरात सिअ‍ॅटलहून निघालेले व्हिक्टोरिया नावाचे जहाज नोम या बंदराला लागले. हिवाळ्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी ती एक. प्रवाशांची तपासणी झाली होती. तरी आजार उतरला आणि टपाल घेऊन जाणाऱ्या कुत्र्यांच्या गाड्यांबरोबर तो आतल्या वस्त्यांत पोहोचला. आज ब्रेव्हिग मिशन म्हणतात त्या वस्तीत नोव्हेंबरच्या पाच दिवसांत ८० प्रौढ माणसांपैकी ७२ दगावली.

अशी गावे पुढे वर्षानुवर्षे हे विसरत नाहीत. म्हणूनच २०२० मध्ये करोनाची बातमी येताच अलास्कातल्या कितीतरी आदिवासी गावांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या वेशी बंद केल्या. आणि तरीही याच समाजातले लोक क्रूझच्या धंद्यातही आहेत. हूना नावाच्या त्लिंगिट गावाजवळ मासे डबाबंद करायचा जुना कारखाना होता. तो दुरुस्त करून तिथल्या आदिवासींच्या कंपनीने स्वतःचे क्रूझ बंदर उभारले. जहाजे बंद झाली तेव्हा नुकसान त्यांचेही झाले. एकाच घरात आजीला १९१८ च्या गोष्टी माहीत आणि नातवाची नोकरी धक्क्यावर. जीव की रोजी, असे दोन तट पाडून हा वाद मांडता येत नाही, तो या घरांमुळे.

संध्याकाळचा थांबा आणि १८८६ चा कायदा

आमच्या सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी जहाज कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरात काही तास थांबले. अंधार पडत आलेला, दुकाने बंद व्हायच्या बेतात. बरेच प्रवासी खाली उतरलेही नाहीत. मग एवढा वळसा कशासाठी? त्यामागे अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत परदेशी बंदराला न लागता, पुन्हा अमेरिकेच्याच बंदरात सोडता येत नाही. देशी जहाजांना संरक्षण मिळावे म्हणून तो केला होता. आजची बहुतेक सारी मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परतणाऱ्या प्रत्येक जहाजाला कॅनडात पाय टेकवावा लागतो.

सव्वाशे वर्षांहून जुना हा कायदा कोणाच्या फारसा लक्षात नव्हता. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडाचे वाहतूकमंत्री ओमर अल्घब्रा यांनी मोठ्या क्रूझ जहाजांवरची बंदी फेब्रुवारी २०२२ पर्यंत वाढवली आणि हा कायदा एका रात्रीत स्कॅग्वेच्या प्रत्येक घरात पोहोचला. कॅनडा बंद म्हणजे अलास्काचा दुसरा उन्हाळाही गेला. अमेरिकेच्या सीडीसीने ३० ऑक्टोबर २०२० पासून बंदी उठवून अटींसह परवानगीची वाट उघडली होती, पण कायद्याने पाय बांधलेले.

कॅनडाचे म्हणणे होते की आपल्या दूरच्या, दुबळ्या वैद्यकीय सोयी असलेल्या वस्त्यांना धोका नको. अलास्काच्या लोकप्रतिनिधींचे म्हणणे होते की लस आली आहे, नियम पाळून जहाजे सुटू शकतात, आणि शेजाऱ्याच्या निर्णयापायी आमची गावे मोडू नयेत. सिनेटर लिसा मर्कोव्स्की व डॅन सुलिव्हन आणि प्रतिनिधीगृहातले डॉन यंग यांनी एक विधेयक आणले: काही काळापुरते सिअ‍ॅटल ते अलास्का या सफरीला परदेशी थांब्याची अट नको. मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि २४ मे २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सही केली. एवढ्या दुभंगलेल्या संसदेत हे विधेयक सहज पार पडले. पलीकडे ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांत मात्र धास्ती बसली की वळसा एकदा सुटला तर तो कायमचा सुटेल.

याच काळात दूर दक्षिणेला फ्लोरिडात वेगळाच संघर्ष चालू होता. फ्लोरिडा राज्याने एप्रिलमध्ये सीडीसीवर खटला भरला की अशा अटी घालायचा तिला अधिकार नाही. अलास्का राज्यही त्या खटल्यात सामील झाले. १८ जूनला न्यायाधीश स्टीव्हन मेरीडे यांनी फ्लोरिडाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्याच फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मात्र लशीचा दाखला मागणाऱ्या धंद्यांना दंड करणारा कायदा केला होता. क्रूझ कंपन्यांना जहाजे सोडायची होती, पण लस घेतलेले प्रवासीच हवे होते. एका कंपनीने राज्याविरुद्ध न्यायालयात जाऊन ऑगस्टमध्ये स्थगिती मिळवली. जहाजे सुटावीत म्हणून सर्वांत मोठ्याने भांडणाऱ्या राज्याने, जहाजे सुरक्षितपणे सोडायची सर्वांत सोपी अटच बेकायदा ठरवली होती. साथीचा प्रश्न राजकारणाच्या आखाड्यात उतरला की असे होते. रोगाविषयी बोलणे संपते आणि कोणाचा हुकूम चालणार यावरच कुस्ती सुरू होते.

अखेर १९ जुलै २०२१ रोजी सेरेनेड ऑफ द सीज हे जहाज प्रवासी घेऊन सिअ‍ॅटलहून अलास्काकडे निघाले. जवळजवळ पावणेदोन वर्षांनी गावांनी मोठे जहाज पाहिले. त्या उन्हाळ्यात फेऱ्या थोड्या झाल्या, बहुतेक प्रवासी आणि कर्मचारी लस घेतलेले होते, आणि ज्याची भीती होती तो अनर्थ झाला नाही. डिसेंबरात ओमायक्रॉन आला तेव्हा मात्र सीडीसीने, लस घेतली असली तरी सध्या क्रूझ टाळा, असा सल्ला पुन्हा दिला. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे ठरले.

ज्यांना कोणी विचारले नाही

आमच्या जहाजावर जेवणाच्या दालनात वाढणारा एक मुलगा श्रीवर्धनकडचा निघाला. आमचे बोलणे कानावर पडताच तो थबकला, सलाम केला, आणि मग रोज आमच्या टेबलाकडे चक्कर मारू लागला. मला चाचा, घरच्यांना खाला. २०२० मध्ये तो दुसऱ्या एका जहाजावर होता. प्रवासी मार्चमध्येच उतरले, कर्मचारी राहिले. किनारा दिसे, पण उतरायची परवानगी नव्हती. त्या वर्षीचा रमजान त्याने समुद्रातच काढला. ईदची नमाज खोलीत, एकट्याने. घरी आई विचारी, कधी येतोस, आणि त्याच्याकडे उत्तर नसे. पगार थांबला होता. तो हे सारे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. रोटीचा प्रश्न होता, म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

त्याच्यासारखे थोडेथोडके नव्हते. एप्रिल २०२० मध्ये सीडीसीच्याच सांगण्याप्रमाणे अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ सुमारे १०० क्रूझ जहाजांवर जवळजवळ ८०,००० कर्मचारी होते. त्यांना उतरवायचे तर सार्वजनिक विमानाने पाठवायचे नाही, खासगी वाहन करायचे आणि कंपनीच्या वरिष्ठांनी तसे लेखी द्यायचे, अशी अट होती. ती खर्चिक होती, म्हणून कित्येकांचे परतणे लांबले. मनिलाच्या उपसागरात वीसहून जास्त रिकामी क्रूझ जहाजे नांगर टाकून उभी होती. मालवाहू जहाजांसकट सगळे धरले तर त्या वर्षाच्या अखेरीस मुदत संपूनही जहाजावर अडकलेल्यांची संख्या चार लाखांच्या घरात होती. डायमंड प्रिन्सेसवर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवासी खोल्यांत बंद होते तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवणारे हेच हात होते.

आपल्याकडेही दारे बंद होती. मार्चच्या चौथ्या आठवड्यात परदेशी विमाने थांबली आणि टाळेबंदी लागली. मुंबईच्या समोर समुद्रात जहाज उभे, त्यावर आपलीच मुले, आणि उतरता येत नाही, अशी स्थिती होती. गोव्यात खलाशांना परत आणण्यावरून मोठे राजकारण तापले. अखेर केंद्राने नियम ठरवले आणि २३ एप्रिलला मारेला डिस्कव्हरी या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले. बाकीच्यांची वाट पुढे कित्येक महिने चालली.

अलास्काच्या सगळ्या वादाकडे पाहताना मला हीच गोष्ट खटकत राहिली. गव्हर्नर बोलले, सिनेटर बोलले, मंत्री बोलले, न्यायाधीश बोलले, कंपन्यांनी वकील लावले. स्कॅग्वे आणि जूनोच्या नागरिकांनी नगरपालिकेच्या बैठकांत तरी आपले म्हणणे मांडले. पण ज्याला त्या जहाजावर सहा-आठ महिने सलग राहायचे होते, दोघांच्या खोलीत झोपायचे होते आणि हजारो पाहुण्यांना रोज वाढायचे होते, त्याला कोणत्या सभागृहात खुर्ची होती? त्याचे तर मतदानही तिथे नव्हते.

सरगचा मशवरा

साथीत पुढे जावे की मागे फिरावे, हा वाद आपल्या इतिहासाला नवा नाही. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना शामच्या प्रवासाला निघाले आणि सरग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी एकट्याने हुकूम सोडला नाही. आधी मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात दोन मते पडली. मग अन्सारांना बोलावले; तिथेही दोन मते. मग कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारले. त्यांनी एकमताने परतायला सांगितले. खलिफांनी परतायचे ठरवले तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी आक्षेप घेतला की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नाही का. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत; हिरवे आणि उजाड असे दोन उतार समोर असताना उंट हिरव्या बाजूला नेणारा गुराखीही अल्लाहच्या इच्छेबाहेर जात नाही. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली, की साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नये.

या प्रसंगात आपण बहुधा शेवटची शिकवण लक्षात ठेवतो, आणि ठेवावीच. पण त्याआधीचे तीन मशवरेही तेवढेच मोलाचे आहेत. मतभेद झाला म्हणून कोणाला देशद्रोही ठरवले नाही. आक्षेप घेणाऱ्याचे तोंड बंद केले नाही. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांना आधी विचारले. स्कॅग्वेच्या धक्क्यावर उभे राहून हे आठवले, कारण तिथल्या वादात ज्ञान कमी नव्हते, पैसाही कमी नव्हता. कमी पडला तो हाच मशवरा.

जहाजाने आलेली साथ आणि क्वारंटाईन यांची ओळख आपल्या घराण्यांनाही जुनी आहे. मुंबईहून हजला जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून ठेवले जाई. १८८२ पासून तिथे ही व्यवस्था होती. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग असताना इथून हजला जाणेच थांबवले गेले. आणि २०२० साली तर हज सुमारे हजार माणसांपुरता, तोही सौदी अरेबियात राहणाऱ्यांपुरता मर्यादित करावा लागला. ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवले होते त्यांनी डोळे पुसले आणि सब्र केला. हजसाठी जे सोसले ते मौजेच्या सफरीसाठी सोसता येणार नाही असे नाही. पण धक्क्यावरच्या दुकानदाराला आणि जहाजावरच्या वेटरला ती सफर मौजेची नसते, हेही विसरता येत नाही.

आता प्रश्न किती जहाजांचा

२०२३ पर्यंत अलास्कात येणाऱ्या क्रूझ प्रवाशांनी साथीआधीचा आकडा ओलांडला. तेव्हा वादाने कूस बदलली. रिकामा उन्हाळा पाहिलेल्या काही लोकांना त्या वर्षी रस्ते शांत दिसले होते, पाण्यावर धूर नव्हता. जहाजे यावीत, पण किती? जूनोने कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. शनिवारी मोठी जहाजे नकोतच, असा प्रस्ताव त्याच वर्षी ऑक्टोबरात मतदानाला आला आणि नागरिकांनी तो फेटाळला. निकाल कोणाला आवडो न आवडो, पण या वेळी गावाला विचारले गेले होते.

आपल्या किनाऱ्यावरही आता हे प्रश्न येऊ घातले आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. जानेवारी २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेल्या त्या जहाजावर ६६ जण बाधित निघाले, आणि गोव्यात प्रवाशांना उतरवायचे की नाही यावर घोळ होऊन जहाज मुंबईला परतले. मुंबईत बॅलार्ड पिअरला मोठे क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. उद्या कोकणातल्या बंदरांतही अशी जहाजे लागतील. रोजगार येईल, इन्शाअल्लाह. तेव्हा त्या गावांनी आधीच विचारून ठेवावे: जवळच्या सरकारी इस्पितळात खाटा किती, आजारी जहाजाला कोणते बंदर घेणार, मच्छीमारांच्या धक्क्याचे काय, आणि जहाज थांबवायचा हुकूम कोण देणार. साथ आल्यावर हे प्रश्न विचारले की उत्तर भांडणातूनच येते.

आणि ज्यांच्या घरातला मुलगा बोटीवर आहे त्यांनी एवढे तरी माहीत करून घ्यावे. जहाजी कामगारांच्या हक्कांचा २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार मुदत संपल्यावर कर्मचाऱ्याला मालकाच्या खर्चाने घरी पोहोचवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि सलग बारा महिने कोणाला जहाजावर ठेवता येत नाही. करारपत्राची एक प्रत घरी ठेवा. जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे आणि भरती करणारा एजंट शासनाकडे नोंदलेला आहे का, हे मुलगा निघण्यापूर्वी विचारून लिहून ठेवा. श्रीवर्धनच्या त्या मुलाच्या आईला २०२० मध्ये यातले काहीच माहीत नव्हते. फोन कोणाला करायचा हेही नाही.